जुना २४ इंची दगड कापायचा सॉ: रंग आणि ब्लेड नंतर, आधी शाफ्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका बंद पडलेल्या युनिटमधून २४ इंची, तेलात चालणारा अमेरिकन बनावटीचा स्लॅब सॉ (दगडाचे सपाट काप, म्हणजे स्लॅब, काढणारी करवत) भंगाराच्या भावात मिळाला आहे. मोटर ११० व्होल्टची. टाकीत वीतभर गाळ, शाफ्ट हाताने जेमतेम फिरतो, ब्लेड गंजलेले. त्यावर अकीक आणि जिओड (आत स्फटिकांची पोकळी असलेले गोटे) कापायचे आहेत. साफसफाई करून, रंग देऊन नवे ब्लेड टाकले की भागेल का?

भागणार नाही. रंग सगळ्यात शेवटी, आणि नवे ब्लेड त्याच्या जेमतेम आधी. दगड धरलेला कॅरेज ज्या रेषेत सरकतो ती रेषा आणि ब्लेडचा चेहरा समांतर राहणे, एवढ्या एका गोष्टीवर हे यंत्र उभे आहे. ते जमले तर भंगारातले धूडही वर्षानुवर्षे चालते. नाही जमले तर कोरे ब्लेड दहा-बारा कापांत थाळीसारखे वाकते, आणि २४ इंची डायमंड ब्लेड तुम्ही दिलेल्या भंगाराच्या भावात येत नाही.

उघडायच्या आधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. विशेषतः शाफ्टच्या प्लमर ब्लॉकखाली (बेअरिंग धरणाऱ्या ठोकळ्याखाली) पत्र्याच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतील तर कोणत्या बोल्टखाली किती, हे कागदावर लिहून त्या शिम त्याच बोल्टला तारेने बांधून ठेवा. आधीच्या कुणी तरी मोजूनमापून त्या घातलेल्या असतात. भराभर खोलून सगळे एका घमेल्यात टाकले की ती मेहनत वाया जाते.

टाकीतला गाळ म्हणजे तेल आणि दगडाची पूड. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. हा गाळ ओला आहे तोवर त्याची धूळ उडत नाही. वाळून उडायला लागला की फुप्फुसात जाणारी सिलिका. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार किती पसरला हे सर्वांना माहीत आहे, आणि ती कोरड्या घासाईच्या धुळीची करणी आहे. म्हणून गाळ थापीने ओलाच काढायचा. कडेला वाळलेली खपली असेल तर तिच्यावर आधी थोडे तेल शिंपडून भिजवायची, मगच खरवडायची. झाडू नाही, ब्लोअर नाही, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही. जमिनीवर सांडलेले ओल्या फडक्याने टिपा.

जुने तेल गाळून पुन्हा वापरायचा मोह होईल. त्यात काय काय मिसळले आहे हे कळायला मार्ग नाही. डिझेल, रॉकेल, जुने ट्रान्सफॉर्मर ऑइल असे हाताला लागेल ते ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मर ऑइलमध्ये पीसीबी नावाची घातक रसायने असू शकतात. तेव्हा हातमोजे घालून ते काढा, बंद डब्यात भरा आणि वापरलेले तेल घेणाऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. गटारात किंवा मागच्या नाल्यात ओतायचे नाही.

टाकी रिकामी झाली की गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, लिटरला साधारण ५० ग्रॅम, दोनदा घासून घ्या. मग गळतीची तपासणी. टाकीवाले फॅब्रिकेटर करतात तीच: बाहेरून सगळ्या जोडांवर खडूची पूड पाण्यात कालवून फासायची, वाळू द्यायची, आणि आतून जोडांवर ब्रशने रॉकेल लावायचे. तासाभरात खडूवर जिथे काळपट डाग उमटेल तिथे भोक. नुसते पाणी भरून ही बारीक भोके सापडत नाहीत. रॉकेल पाण्यापेक्षा कितीतरी बारीक फटीतून झिरपते. तपासणीनंतर रॉकेल पुसून, पुन्हा सोड्याने धुऊन, टाकी उन्हात उघडी वाळवल्याशिवाय वेल्डरला बोलावू नका. तेलाची वाफ राहिलेल्या टाकीला वेल्डिंग लावल्याने टाक्या फुटतात. एखाददुसरे बारीक भोक असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत न पडता पत्रा चकचकीत घासून दोन भागांचे इपॉक्सी लावले तरी पुरते. झाकणाच्या कडेचा रबर मात्र नायट्राइलचाच घ्या. सायकलच्या ट्यूबचा किंवा साधा काळा रबर तेलात फुगून महिन्याभरात लोंबायला लागतो.

आता शाफ्ट. ब्लेडचा नट सोडवताना घाई नको. उघड्या दिसणाऱ्या आट्यांचा उतार आधी नीट बघा: ब्लेड कोणत्या बाजूला आहे त्यावरून आटे उजवे की डावे ठरते, आणि नट नेहमी कापताना आवळत जाईल अशा दिशेचा असतो. डाव्या आट्याचा नट उलटा आवळून शाफ्टचे टोक पिळून टाकलेले जुने सॉ बरेच दिसतात. ब्लेडच्या खाचांत लाकूड किंवा पहार अडकवून शाफ्ट धरायचा नाही. ब्लेड तिथेच वाकते. शाफ्टवर पाना बसायला चपट्या बाजू असतील तर तिथे, नसतील तर मोठ्या पुलीला पट्टा गुंडाळून धरा. रात्रभर तेल सोडून ठेवा. सकाळीही हलला नाही तर नटाला, फक्त नटाला, ब्लो लॅम्पचा शेक द्या, पण तेलाने भरलेल्या टाकीवर नव्हे. टाकी आधी साफ करायला सांगितले त्यामागे हेही कारण आहे.

शाफ्ट निघाला की टर्नरकडे दोन सेंटर्समध्ये धरून डायल गेज (मिमीचे बारीक अंश दाखवणारे काट्याचे माप) लावा. बेअरिंगच्या जागी आणि फ्लँजच्या (ब्लेडला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांच्या) जागी डोल ०.०३ मिमीच्या आत हवा. इंचीतले शाफ्ट असल्याने इथे एक पेच येतो. १ इंची शाफ्ट २५.४ मिमीचा, आणि बाजारात पटकन मिळणारे यूसीपी २०५ बेअरिंग २५ मिमीचे. दुकानदार म्हणेल, "लेथवर जरा उतरवून घ्या." उतरवू नका. १ इंची भोकाचे बेअरिंग यूसी २०५-१६ या नावाने मिळते. शेवटचा १६ म्हणजे इंचाचे १६ सोळांश. शाफ्ट आधीच झिजलेला असेल तर मात्र जुना जपण्यात अर्थ नाही. ईएन ८ पोलादाचा नवा ३० मिमीचा शाफ्ट करा, यूसीपी २०६ बेअरिंग लावा आणि फक्त ब्लेडच्या टोकाला २५.४ मिमीची पायरी काढा. जाड शाफ्ट कमी लवतो, हा वरचा फायदा. टर्नरला सांगायचे ते एवढेच: बेअरिंग हाताने ढकलून बसले पाहिजे, पण हातात हलता कामा नये. या बेअरिंगच्या आतल्या कड्याला ग्रब स्क्रू असतात. भोकात सैलपणा असेल तर स्क्रू आवळताच शाफ्ट एका अंगाला ढकलला जातो, आणि नव्या बेअरिंगवरही ब्लेड लंगडते.

या सॉचे बेअरिंग भाराने क्वचितच मरते. मरते ते गाळाने. ब्लेडकडच्या बेअरिंगच्या आणि टाकीच्या भिंतीच्या मध्ये शाफ्टवर एक व्ही-रिंग किंवा निदान जाड रबराची गोल चकती घट्ट बसवा. ती शाफ्टबरोबर फिरते आणि वाहत आलेले तेल बाहेर भिरकावते. मूळ यंत्रात ती असते, पण दुरुस्तीत बहुतेक वेळा गहाळ झालेली असते.

फ्लँजकडे सहसा कुणी बघत नाही, आणि घोळ तिथेच होतो. २४ इंची ब्लेडला फ्लँज ५ ते ६ इंच व्यासाचे हवेत. १२५ मिमीच्या फ्लँजचा चेहरा कडेला ०.०२ मिमी डोलत असेल तर ६०० मिमीच्या ब्लेडच्या कडेला तोच डोल जवळजवळ पाचपट, म्हणजे ०.१ मिमी होतो. गंजाचा एक खवला किंवा जुन्या रंगाचा पापुद्रा एवढे करायला पुरेसा आहे. आतला फ्लँज शाफ्टवर बसवून, शाफ्टसकट लेथवर धरून, चेहऱ्यावर अगदी हलका हात मारून घ्या. सुटा फ्लँज चकमध्ये धरून केलेली सफाई कामाची नाही.

मोटरबद्दल सरळ सांगायचे तर बदला. ११० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो हे खरे, पण तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. अमेरिकन मोटर ६० हर्ट्झची, आपली वीज ५० हर्ट्झची. ती मोटर इथे हळू फिरते, लोखंडात चुंबकत्व जास्त चढते आणि दोन-तीन तासांच्या एका कापात ती तापून वास सोडते. तिच्या पाटीवर १७२५ आरपीएम असेल. इथली चार पोलची मोटर १४४० ची. म्हणजे जुन्याच पुल्या ठेवल्या तर ब्लेड सुमारे १७ टक्के हळू फिरेल.

किती आरपीएम हवे हे मोजून ठरवा, आधी काय होते यावर जाऊ नका. तेलात अकीक कापताना ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास ठीक. ६०० मिमी ब्लेडचा परीघ १.८८५ मीटर, मिनिटाला ७२० मीटरला त्याने भागले की ३८० आरपीएम येतात. थोडे इकडेतिकडे चालेल, पण ६०० वर नेऊ नका: तेल धुक्यासारखे उडते, ब्लेड गुळगुळीत पडते, आणि ते ज्या वेगासाठी ताणलेले असते त्याबाहेर गेले की फडफडते. १४४० वरून ३८० म्हणजे ३.८ ला १. मोटरवर ७५ मिमीची पुली आणि शाफ्टवर २८५ मिमीची, ए सेक्शनचा पट्टा. मोटरवर ७५ पेक्षा लहान पुली लावली तर पट्टा त्या वळणावर रोज थोडा थोडा तुटतो. एवढी मोठी पुली गार्डमध्ये मावत नसेल तर सहा पोलची ९६० आरपीएमची मोटर शोधा. मग १०० आणि २५० मिमीच्या पुल्यांत काम होते.

ताकद दीड एचपी, बंद बॉडीची, सिंगल फेज. पूर्ण भारावर ती ८ ते ९ अँपिअर घेते. १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच तोडणारा स्विच), २.५ चौरस मिमीची वायर आणि बॉडीला स्वतंत्र अर्थिंग. साध्या स्विचऐवजी नो-व्होल्ट कॉइल आणि ओव्हरलोड रिले असलेला डीओएल स्टार्टर लावा. वीज मध्येच गेली आणि तासाभराने परत आली तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, म्हणून. दगडात रुतलेले ब्लेड अचानक ओढले गेले की एक तर पट्टा जळतो, नाही तर ब्लेड वाकते. दोरी-वजनाने कॅरेज ओढणारा सॉ असेल तर धोका दुप्पट: वीज गेली तरी वजन दगडाला थांबलेल्या ब्लेडवर रेटतच राहते. वीज गेली की पहिले काम वजन उचलून ठेवणे, आणि सुरू करण्याआधी कॅरेज बोटभर मागे घेणे.

आता कॅरेज. रेल दोन्ही टोकांना कोरी आणि मधे झिजलेली असते, कारण बहुतेक दगड मधेच कापले जातात. रेलवर चांगली सरळपट्टी ठेवून फीलर गेज सरकवून बघा. गोल रॉडची रेल असेल तर सैल करून अर्धा फेरा फिरवली की खालची कोरी बाजू वर येते, आणि काम फुकटात होते. चाकांची बेअरिंग बदला, ब्रॉन्झ बुश असतील तर टर्नरकडून नवे करून घ्या. कॅरेज हातात धरून आडवा हलवा: जरा जरी 'टक्' वाजले तरी खेळ शिल्लक आहे. पुढेमागे थोडा खेळ चालतो, आडवा अजिबात चालत नाही.

कॅरेज पुढे सरकवणारी यंत्रणा (फीड) स्क्रूची असेल तर त्या स्क्रूला एका बाजूने धरणाऱ्या अर्ध्या नटाचे आटे बघा. टोकदार झाले असतील तर नवा ब्रॉन्झचा करून घ्या. वेगाचा हिशोब सोपा आहे. १० आटे प्रतिइंच स्क्रूची एक फेरी म्हणजे २.५४ मिमी. अकीकला मिनिटाला १.५ ते २.५ मिमी पुरे, म्हणजे स्क्रू मिनिटाला पाऊण-एक फेरी फिरला पाहिजे. फीड मुख्य शाफ्टवरूनच चालत असेल तर ब्लेडचा वेग बदलताना फीडही त्याच प्रमाणात बदलतो. पुल्या ठरवताना हे ध्यानात घ्या. फीडला वेगळी ११० व्होल्टची गिअर मोटर असेल तर ती काढून, वेग कमीजास्त करता येणारी २४ व्होल्ट डीसी गिअर मोटर लावणे सगळ्यात कमी कटकटीचे. पण तिची वीज मुख्य स्टार्टरमधून बाहेर पडणाऱ्या, मोटरकडच्या बाजूने घ्या. ब्लेड थांबले की फीड थांबलेच पाहिजे.

हे सगळे घट्ट बसले की समांतरता. ब्लेडला गुण्या लावून किंवा कॅरेजपासून फुटपट्टीने मोजून हे होत नाही, कारण ब्लेड स्वतः थोडे डोलते आणि तो डोल मापात मिसळतो. पद्धत अशी:

ब्लेडवर कडेपासून १० मिमी आत मार्करने एक ठिपका करा. डायल गेज कॅरेजवर घट्ट बसवा. ठिपका पुढच्या बाजूला, शाफ्टच्या केंद्रापासून सुमारे २१० मिमी उंचीवर आणा आणि गेजचे टोक त्यावर टेकवून शून्य करा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच ठिपका तेवढ्याच उंचीवर मागच्या बाजूला आणा, कॅरेज ४०० मिमी सरकवा आणि पुन्हा त्याच ठिपक्यावर वाचा. दोन्ही वेळा बिंदू एकच असल्याने ब्लेडचा वाक मापातून गळून जातो. उरतो तो फक्त शाफ्ट आणि रेलमधला फरक. फरक ०.१ मिमीच्या आत आला की थांबा.

समजा ०.४ मिमी आला आणि दोन प्लमर ब्लॉकमधले अंतर ३०० मिमी आहे. तर एक ब्लॉक ०.४ गुणिले ३०० भागिले ४००, म्हणजे ०.३ मिमी सरकवायचा, आणि तोही कॅरेजच्या चालीच्या दिशेने, पुढे किंवा मागे. बोल्टची भोके पुरेशी लांब नसतील तर कानशीने वाढवा. ब्लॉकच्या मागे एक छोटा तुकडा वेल्ड करून त्यात ढकलणारा बोल्ट बसवला तर हे काम हातोडीच्या टिचक्यांऐवजी पान्याने करता येते. आवळताना ब्लॉक पुन्हा सरकतो, म्हणून शेवटचे माप बोल्ट पूर्ण आवळल्यावरच घ्या.

इथे अनेक जण उगाच दोन दिवस घालवतात ते ब्लेड ओळंब्यात आणण्यात. शाफ्टचे एक टोक केसभर खालीवर असले तर ब्लेड जरा कलते, पण कॅरेजची चाल त्याच पातळीत राहते, त्यामुळे काप सरळच येतो. स्लॅब वाइसच्या (दगड पकडणाऱ्या शिकंज्याच्या) तळाशी काटकोनात नसेल, इतकेच. ब्लेड आणि चाल यांच्यातला आडवा कोन मात्र काहीच माफ करत नाही. दगड ब्लेडच्या वरच्या भागातून, शाफ्टच्या डोक्यावरून पुढे जातो, त्यामुळे ब्लेडची मागची कडही त्याच फटीतून जाते. कोन चुकला असेल तर ती कड दगडाच्या भिंतीला घासत राहते, एका अंगाने तापते आणि वाकते.

जुने ब्लेड लगेच फेकू नका. गंज वरवरचा असतो. मधल्या भोकाजवळ तडे, सरळपट्टी ठेवल्यावर मधे उजेड दिसेल इतका खोलगटपणा, किंवा कडेचा डायमंडचा पट्टा घासून पोलादाला टेकलेला, यांपैकी काही असेल तरच बाद. नसेल तर पहिले महिनाभर याच ब्लेडवर शिका. नवे घेताना मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानातले दात असलेले सेगमेंट ब्लेड मात्र घेऊ नका. व्यास तोच दिसतो आणि भोकही जुळवता येते, पण ते पाण्यात आणि आपल्या तिप्पट-चौपट वेगात चालण्यासाठी असते. या मंद सॉवर ते अकीकाची कड ठोकरत जाते आणि जाड असल्याने प्रत्येक कापात जास्त माल पूड करते. लॅपिडरीचे (शोभेचे दगड कापण्याच्या कामाचे) अखंड किंवा बारीक खाचांच्या कडेचे ब्लेडच हवे. त्यावरचा बाण पाळा.

तेल हलके, पांढरे मिनरल ऑइल. लाइट लिक्विड पॅराफिन ड्रमने मिळते; रंगहीन, जवळजवळ बिनवासाचे, आणि घरात वापरायला तेच बरे. ४० अंशांना १० ते २० सेंटिस्टोक दाटपणाचे मागा आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेऊ शकते ते) १५० अंशांच्या वर आहे हे डेटाशीटवर बघून घ्या. डिझेल-रॉकेल स्वस्त पडते म्हणून कुणी सुचवेल. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट ४० अंशांच्या आसपास आहे. मे महिन्यात मराठवाडा-खानदेशात पत्र्याच्या शेडमधली हवाच त्याहून गरम असते. बंद झाकणाखाली त्याचे धुके आणि शेजारी मोटरची ठिणगी, हा खेळ नको. पाण्यात मिसळायचे सोल्युबल ऑइलही नको: यंत्र रात्रभर थांबले की गंज धरतो आणि आठवड्यात वास मारतो.

किती लागेल? तळ ९० गुणिले ६० सेमी असेल तर दर सेंटिमीटरला ५.४ लिटर. ब्लेडची खालची कड १२ ते १५ मिमी बुडली पाहिजे, त्याहून जास्त नको. तेल वाचवायला टाकीच्या कोपऱ्यांत ग्रॅनाइटचे वाया गेलेले तुकडे ठेवा. पातळी तेवढीच वर चढते. विटा ठेवू नका, त्या तेल पितात.

पहिले अर्धा तास ब्लेडशिवाय चालवा. बेअरिंगवर हात ठेवता आला पाहिजे. मग ब्लेड चढवा, झाकण बंद करा, ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभे राहा आणि पाच मिनिटे रिकामे फिरवा. झाकणाच्या आतून तेलाचा एक सलग पट्टा उठला पाहिजे. तो नसेल तर पातळी कमी आहे किंवा ब्लेड उलटे फिरते आहे. झाकणाच्या फटीतून धूर निघाल्यासारखे दिसले तर ते तेलाचे धुके. रबर दुरुस्त करा, एक्झॉस्ट फॅन लावा. दारे-खिडक्या नसलेल्या खोलीत हे यंत्र ठेवूच नका. गॅलरीतही नको; तेल आणि दगडासकट त्याचे वजन गॅलरीच्या लायकीचे नसते.

पहिला दगड अकीकाचा नको. रेतीची मऊ फायरब्रिक दोनदा कापा. तिने डायमंडचे कण त्यांना धरून ठेवणाऱ्या बाइंडरमधून उघडे पडतात. पुढेही अकीक कापता कापता ब्लेड कण्हायला लागले, मोटरचा अँपिअर चढला आणि कॅरेज मात्र सरकेना, की पुन्हा हीच वीट.

ब्लेड बहुतेक वेळा वाकते ते दगड धरण्यातल्या चुकीने. गोल गोटा वाइसच्या दोन लोखंडी जबड्यांत दोनच बिंदूंवर पकडला जातो आणि कापाच्या मध्यावर केसभर फिरतो. जबड्यांना पॅकिंगच्या खोक्याचे मऊ लाकूड लावा, म्हणजे दगड त्यात रुततो. खालून पाचरी ठोका. अगदीच वेडावाकडा असेल तर डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लेड दगडाला पहिल्यांदा लागते ती जागा उतरती असेल तर ते घसरून वाकते, तेव्हा पहिले पाच-सहा मिमी हाताने, अगदी हळू. जिओडमध्ये हा प्रसंग दोनदा येतो. एक भिंत कापून ब्लेड पोकळीत शिरते आणि समोरच्या भिंतीला आतून, तिरक्या उतारावर, स्फटिकांच्या टोकांवर भेटते. तिथे पुन्हा फीड कमी करा. कापून होताच जिओड गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा आणि दोन दिवस लाकडाच्या कोरड्या भुशात पुरून ठेवा, नाही तर खडबडीत सालीत मुरलेले तेल महिनोन्महिने झिरपते. स्टिल्बाइट, अपोफिलाइट या खनिजांचे गुच्छ, किंवा पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले निळे कॅव्हनसाइट हातात आले तर त्यांना या यंत्राजवळ नेऊच नका. ते मऊ आहेत, पापुद्र्यांनी फुटतात आणि तेलाने डागाळतात.

कापाचे शेवटचे दोन मिमी उरले की स्लॅब स्वतःच्या वजनाने मोडून पडतो आणि उरलेले टोक ब्लेडच्या अंगाला लागते. म्हणून स्लॅबखाली लाकडाचा आधार द्या, आणि लिमिट स्विच (कॅरेज शेवटाला पोचला की वीज तोडणारा) काप संपून कॅरेज थोडा पुढे गेल्यावरच वीज तोडेल असा लावा.

पहिला खरा स्लॅब व्हर्नियरने चार कोपऱ्यांवर मोजा. एका बाजूला सरळ निमुळता होत गेला असेल तर दगड वाइसमध्ये हलला किंवा वाइस ज्यावर आडवा सरकतो त्या सरकपट्टीत खेळ आहे. मधे खोलगट असेल तर फीड जास्त किंवा ब्लेड गुळगुळीत पडले आहे. आणि कापलेल्या चेहऱ्यावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन जातींच्या कमानी दिसत असतील तर मागची कड घासते आहे: डायल गेज पुन्हा बाहेर काढा. ब्लेड वाकण्याआधी हेच एक लक्षण दिसते, आणि ते दिसल्यावर आणखी एक दगड कापून बघू म्हणणाऱ्याला नवे ब्लेड घ्यावे लागते.